केल्डन सोडून कुठलीही

"दिवा गेला काखेत, टाकी आली डोईवर,
खाली बसलाय रांजण, जाळी सोड बेतावर.
लिवलास? आता आकडा घे."

भिवा तांडेलाचा आवाज. इंजिनाच्या धडधडीवर चढून खलाशांना हाका मारणारा तो आवाज घरात, कॉम्प्युटरच्या टेबलापाशी, देवळात आल्यासारखा खाली यायचा. ओळी तो भराभर म्हणायचा, जात्याच्या घरघरीत म्हणाव्यात तशा. किल्ल्यावरचा दिवा डोंगराच्या काखेत दिसेनासा झाला, आणि पाण्याची टाकी मोठ्या माडाच्या डोईवर बसली, की होडीच्या बरोबर खाली रांजण. समुद्राच्या तळातली खोलगट जागा, कडेनं खडपाचा, पाण्याखालच्या खडकाचा, काठ, आणि काठाच्या आत थव्यानं बसलेले सरंगे मासे. काठावर जाळी गेली तर फाटली. आत गेली तर घर भरलं. अशा त्याच्या कितीतरी जागा. म्हातारीचं परसू, सुईचं नाक, दोन जावा. प्रत्येक जागेची एकेक ओवी, आणि ओवीमागून होडीवरच्या यंत्रात दिसणारे आकडे. ओवी झरझर यायची. आकडा मात्र हळू, एकेक, आणि शेवटच्या घराशी तो थांबायचा, बशीतला चहा ओठाला लावायचा, खिडकीबाहेर बघायचा. नेत्राची बोटं कीबोर्डवर वाट बघत राहायची. मग तो आकडा यायचा. तिला ते थांबणं फार आवडायचं. बाप आपल्यासाठी समुद्रात इतका खोल उतरतो आहे असं वाटायचं.

हा आवाज आज भर दुपारी, रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ अजिंक्यच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तिच्या कानात उतरला तेव्हा तिच्या हातात एक हार्डडिस्क होती. समोर कुठल्याशा क्लासच्या बाई उभ्या होत्या आणि काउंटरवर मांडलेल्या तीन डब्यांकडे बघत विचारत होत्या, "मॅडम, कुठली घेऊ? मुलांचे सगळे व्हिडिओ आहेत हो. गेले तर मी मेलेच." या प्रश्नाला नेत्राचं उत्तर इतकी वर्षं एकच. केल्डन सोडून कुठलीही. ते ती बोललीही. जीभ आपोआप वळली. अजिंक्य आतून हसला. "आमच्या नेत्राताईंचं केल्डनशी भाऊबंदकीचं भांडण आहे. तुम्ही मनावर घेऊ नका. कंपनीबिंपनी काही नसतं बाई, लॉट असतो. आंब्याच्या पेटीसारखं. पेटीवरचं नाव बघून आतलं फळ कळत नाही." बाई हसल्या आणि मॅरिडॉनची घेऊन गेल्या. नेत्रानं बिल केलं. आणि हातातली डिस्क पुन्हा उलटी करून बघितली. कोपऱ्यात, लेबलच्या कडेला, नेलपॉलिशनं काढलेला एक सरंगा होता. मरून रंग. शेपटी वाकडी. शेपटी काढताना बापानं मागून येऊन टेबलाला धक्का दिला होता आणि ती ओरडली होती, "बाबा!"

सकाळी अजिंक्य बंदरावर गेला होता. दीपेशच्या, म्हणजे तिच्याच भावाच्या, बर्फाच्या गोदामातले कॅमेरे बंद पडले होते. कॅमेऱ्यांचा डबा त्यानं उचलून आणला, उघडला, आणि आतून हाक मारली. "ताई, इकडे या. तुमची केल्डन बघा! सप्लाय जळलाय डब्याचा, पण ही बाई ठणठणीत. किती तास फिरली आहे बघा तरी." त्यानं स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवून शिट्टी घातली. "वर्षानुवर्षं. खाऱ्या हवेत. एक सेक्टर खराब नाही. मी माझे शब्द मागे घेतो, लॉट नाही, हिची जातच वेगळी." त्यानं डिस्क तिच्या हातात दिली, कौतुकानं, नवं मूल द्यावं तशी. ती अजून कोमट होती.

हिला मरून चौदा वर्षं झाली होती.

ती विकत घेतली तेव्हा नेत्राचं लग्न ठरलेलं होतं, केळशीच्या नितेशशी. त्याच्या घरचीही होडी. कॉम्प्युटरचा कोर्स नुकता झालेला, आणि बापाच्या डोक्यातला समुद्र कुठंतरी नीट ठेवावा हे खूळ तिचंच. ती कितीतरी दिवस सायबर कॅफेत बसून वाचत होती. कुठल्या कंपनीच्या शंभरातल्या किती डिस्क वर्षात मरतात, कुठली न सांगता मरते, कुठली आधी टकटक वाजून सांगते. लोक त्यावर भांडत, एकेकाची कंपनी म्हणजे एकेकाचं कुलदैवत. कोणाचं आयुष्य केल्डननं बुडवलेलं, कोणाचं मॅरिडॉननं. तक्ते बघून बघून शेवटी तिनं केल्डन निवडली. तेव्हाच्या सगळ्या तक्त्यांत तीच वर होती. घरी आणली तर बाप म्हणाला, "कंपनी काय बगायची त्यात? लाकूड बगायचा." आणि होडीची फळी वाजवावी तसं त्यानं बोटाच्या पेरानं डिस्कवर टकटक केलं, कान लावला. "आवाज बरा हाय." तिला हसू आवरेना. बकुळा, तिची आई, चुलीशी बसलेली होती. ती हसली नव्हती. हे नेत्राला आज, आत्ता आठवलं. आई तेव्हा हसली नव्हती.

जागा लेकीला द्यायच्या नसतात. हे कोणी शिकवत नाही, मीठ खारट असतं हे जसं कोणी शिकवत नाही. लेक दुसऱ्याच्या होडीवर जाते. तिच्यासोबत भांडी जातील, कपाट जाईल, बापाच्या जागा जाणार नाहीत. त्या मुलाला मिळतात, आणि त्याही घरात बसून नाही. होडीवर, पाण्यात, बोट दाखवून. शेजारचे भिवाला दारावरून टोमणा मारून जायचे. "काय रे भिवा, लेकीला आंदणात दर्या देतोस काय?" बाप हसायचा, बशी खाली ठेवायचा आणि तिला म्हणायचा, "लिव गो तू." त्या तीन शब्दांवर नेत्रा सासरी गेली. पायात जोडवी होती, अंगावर शालू होता, पण आपण कोण हे तिला त्या तीन शब्दांनी सांगितलं होतं. सगळ्या बंदरात एकाच बापानं लेकीसाठी रीत मोडली, आणि ती लेक मी. कित्येकदा केळशीच्या पुळणीवर संध्याकाळी उभी राहून ती ओव्या मनात म्हणायची, आकड्यांसकट. शाळेत पाढे म्हणावेत तशा. डिस्क माहेरीच राहिली होती, दीपेशला होडीवरच्या यंत्रात आकडे भरून घ्यायचे होते म्हणून. दिवाळीला येईन तेव्हा नेईन.

श्रावणात बाप गेला. समुद्रात नाही, बाजारात, जाळ्याचं सूत घेताना, दुकानाच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही. दिवाळीला ती आली तेव्हा घर कसं रिकाम्या होडीसारखं हलकं झालेलं. तिनं डिस्क मागितली. दीपेश दाराशी पायातली पुळण झाडत होता. वर न बघता म्हणाला, "गेली ती." गेली म्हणजे? "टकटक वाजली नि बंद पडली. पुण्याला दिली एकाकडं. तो म्हणाला, केल्डन ना? मग विसरा." बापाच्या दिवसांत न आलेलं रडू तिला त्या पायरीवर आलं. दीपेशनं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. तोंड दुसरीकडे वळवलेलं. तिला वाटलं, त्यालाही बापासाठी रडू येतंय. "कंपनीच फालतू निघाली," तो म्हणाला. आणि तिनं ते धरलं. धरायला काहीतरी हवंच होतं. बापाचा आवाज दुसऱ्यांदा बुडाला तो एका कंपनीमुळे, असं म्हटलं की निदान कोणावर तरी रागावता येत होतं. तेव्हापासून तिनं किती जणांना परतवलं असेल त्या नावापासून! मास्तर, वकील, फोटोग्राफर, देवस्थानाचे कारकून. कोणी कारण विचारलं तर सांगायची, "माझे वडील गेले त्यात." लोक दचकायचे, मग समजून हसायचे.

पण ते खरं दुखणं नव्हतं. खरं दुखणं त्याच्यानंतरचं, आणि ते तिनं कोणाला सांगितलेलं नाही. त्याच हंगामात तिनं नितेशला म्हटलं होतं, डिस्क गेली तर गेली, माझ्या लक्षात आहे. रांजण मला पाठ आहे. ओवी म्हणून दाखवली, आकडे लिहून दिले. नितेश तिच्याकडे बघत राहिला, डोळ्यांत असा मान की नवरे सहसा बायकोकडे तसं बघत नाहीत. तो होडी घेऊन खाली रत्नागिरीच्या पाण्यात आला. ओवीप्रमाणे दिवा बघितला, टाकी बघितली, मग यंत्रातले आकडे जुळवले, आणि दोन्हींत थोडा फरक पडला तेव्हा आकड्यांवर भरवसा ठेवून जाळी सोडली. जाळी काठावर गेली. खडपानं धरली. ओढताना दोर सुटला आणि दादू खलाशाच्या हाताची दोन बोटं घेऊन गेला. जाळी गेली, मागून तो हंगाम गेला, मग होडी गेली. ती रत्नागिरीला येऊन दुकानात लागली, नितेश मोठ्या बोटीवर नोकरीला लागला, तो अजून तिथंच आहे. कुठल्या कुठल्या बंदरांवरून फोनवर दिसतो, मागे लोखंडी भिंत. त्या दिवशी घरी येऊन तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "तुझ्या ध्यानात नीट राहिलं नसेल. आकड्यांचं काय, होतं असं." इतक्या मायेनं म्हणाला की ते वाक्य तिच्या आत जाऊन बसलं आणि तिथंच राहिलं. गॅस बंद केला का, हे ती जिन्यावरून परत येऊन बघते. कुलूप दोनदा ओढते. दुकानात गिऱ्हाईकाचं नाव सांगताना आधी कागदावर बघते. आपला सगळा कामाचा ऐवज तीन कंपन्यांच्या तीन डिस्कवर ठेवते, आणि तरी झोपताना वाटतं, तिन्हींत चुकीचं काहीतरी ठेवलं असेल. लेक लहान असताना अंगाई म्हणून त्या ओव्या ओठांवर यायच्या, आणि ती तोंड मिटून घ्यायची. ज्या डोक्यानं दादूची बोटं घेतली त्या डोक्यातली गोष्ट मुलीच्या कानात घालायची नाही.

आणि ही डिस्क कोमट होती.

"अजिंक्य, जरा जाऊन येते," ती म्हणाली. डिस्क पर्समध्ये घातली. "अहो ताई, ती दीपेशदादांची आहे." "माहीत आहे," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. रिक्षा उताराला लागली. ऊन पत्र्यासारखं वाजत होतं. पर्स मांडीवर धरून ती बसली होती आणि तिला वाटत होतं की आत काहीतरी अजून फिरतंय. तर असं होतं. डिस्क मेली नव्हती. भावानं ती पुसली, आणि मग, टाकवेना म्हणून की फुकट जाऊ नये म्हणून, गोदामातल्या डब्यात घातली. वर्षानुवर्षं ती बर्फाच्या लाद्या बघत फिरली. हमाल आले, गेले, मांजर शिरलं, दिवे विझले, सगळं इमानानं लिहून घेत राहिली. आणि इकडे मी गावभर तिची बदनामी करत होते. बापाच्या जागा दीपेशनं एकट्याला ठेवल्या. मला माझ्या स्वतःच्या आठवणीवर सोडलं, आणि आठवण फुटकी निघाली. त्या फुटक्या आठवणीपायी नितेशचा समुद्र गेला. दर भाऊबीजेला मी याला ओवाळलं, तबकातल्या ज्योतीमागून हा माझ्याकडे बघून हसला. आणि विचारलं तर? विचारलं तर माहेर जाईल. आई त्याच्या घरात आहे. तिच्या हातचा एक घोट चहा, परसातला तो फणस, दारात पाऊल टाकताच येणारा सुक्या मासळीचा वास, हे सगळं एका प्रश्नाला बांधलेलं. न विचारावं तर उद्यापासून दुकानात कोणी विचारेल, कुठली घेऊ, तेव्हा मी काय सांगू?

पेठकिल्ल्याच्या उतारावर घराशी रिक्षा थांबली तेव्हा ओट्यावर सानिका, दीपेशची बायको, फोनवर बोलत होती. "पावसकडं गेलेत ओ. होय, होय, पावसकडंच. सकाळीच गेले." फोन बंद केला आणि नेत्राला बघून खळखळून हसली. "या वन्सं! आज बरी वाट चुकलात. घोव बोटीवरनं उतरला काय, तोंड असं लाल ते?"

"दीपेश पावसकडे गेलाय?"

"छ्या! जयगडकडं. तो शेजारचा तांडेल विचारत होता, त्याला कशाला खरं सांगू? तो तरी काल मला खरं बोलला काय? देवाला पण दिशा फिरवून सांगतात हे लोक." सवयीनं नेत्राही हसली. असं हसणं या घराच्या अंगवळणी होतं. "बसा, चाय टाकते. आत्या मागच्या पडवीत हायत."

पडवीत आई सोडे निवडत बसली होती. सुपात वाळलेल्या कोलंबीचा गुलाबी ढीग, त्यातून तिची बोटं कवच, मिशी, खडा बाजूला काढत होती. डोळे आता अधू झाले आहेत. ती बोटांनी बघते. "कोण, नेत्रा? भर दुपारची गो?" नेत्रा खाली बसली. तिनं डिस्क काढून सुपाच्या कडेवर ठेवली. आईनं हात लावला. कडा चाचपली, कोपऱ्यावर अंगठा फिरवला. नेलपॉलिशचा थर जरासा वर आलेला असतो. अंगठा तिथं थांबला. शेपटीपर्यंत गेला. मग आईनं हात मागं घेतला, चटका बसल्यासारखा.

"कुठं गावली ही?"

"दीपेशच्या गोदामात. कॅमेऱ्यांना लावलेली. जिवंत आहे, आये. कधी मेलीच नव्हती."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. सानिका काहीतरी गुणगुणत होती. आई पुन्हा निवडू लागली, पण आता ती चांगले सोडेही खड्यांत टाकत होती.

"त्याला काय बोलू नको हां."

"का नको? चौदा वर्षं तो अख्खा दर्या घेऊन बसला, मी विचारूसुद्धा नको?"

"त्याचा दोष नाय."

"मग कोणाचा? कंपनीचा?"

नेत्राला वाटलं, उठावं. आत्ता उठलं तर अजून चहा घेता येईल, सानिकाच्या गमतीला हसता येईल, दिवाळीला परत येता येईल. गुडघ्यावर हात ठेवून ती अर्धी उठलीसुद्धा. आणि मग ती बसली. "दादूची बोटं गेली, आये. नितेश आज बारा देशांचं पाणी बघतो आणि घरचं बघत नाही. आणि मी रोज रात्री स्वतःला विचारते, कुठला आकडा चुकला असेल माझा. पहिला की शेवटचा? हे फक्त त्या डिस्कनं सांगितलं असतं. ती पुसलीन त्यानं. कशासाठी? आम्हाला चार सरंगे लागले असते म्हणून?"

"तसा नाय गो बाय." आईनं सूप बाजूला सारलं. "तो पुसत होता तवा मी हुती तिथं. रडत पुसलान. तुजा बापूस जाऊन दोन हप्ते झालेले. तू ता सगळा केळशीला नेशील, जावई तिथं जाळी सोडील, म्हणून पुसलान. त्याला काय ठावं, तू तोंडपाठ करून गेलीस ती!"

"म्हणजे तेच झालं. आम्हाला मिळू नये म्हणून."

"नाय." आईनं हात पुढं करून नेत्राचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला. हाताला खाऱ्याचा वास होता. "जावई जीव घेऊन परत यावा म्हणून. दीपेशनं आकडे होडीवर लावून बघितलान, मग मला बोलला, आये, हिला सांगू कसा? बापाचं दिवस हायत. म्हणून कंपनीचा नाव घेतलान. मग दादूचा झाला, तवा पण सांगायला आला हुता तो केळशीला. तुज्या दारातनं मागं फिरला. मी म्हटला, राहूंदे दोष कंपनीवर. कंपनी काय कुणाचा बापूस नाय."

सानिका चहा घेऊन दारात आली, दोघींकडे बघितलं, आणि कप तसेच घेऊन आत गेली.

"काय सांगायचं होतं, आये?"

"तुज्या ध्यानात बरोबर होता. सगळा बरोबर. एक आकडा चुकला नव्हता तुजा." आईचा हात गुडघ्यावरून हलला नाही. "तू मागितलास, त्याला नाय म्हणवेना. न् लेकीला जागा द्यायची नाय, ता पण मोडवेना. ओव्या खऱ्या दिलान तुला. आकडे तुज्या बापसानंच खोटे सांगितलान."